काय दिसतंय, जाक्या?

उत्तनला कुणी नवा माणूस आला की पास्कू तांडेल त्याला आपल्या होडीत बसायला सांगायचा. होडी पाण्यात नसली तरी त्याचं काही अडत नसे. वाळूवर ओढून ठेवलेली, एका अंगावर कललेली आपली होडी दाखवून तो म्हणायचा, "बस. कुठं पन बस." आणि मग मुद्दाम पाठ फिरवून विडी पेटवायचा. पहिला झुरका संपेपर्यंत माणूस कुठेतरी बसलेला असे. मग तांडेल वळून बघायचा, आणि त्या माणसाविषयीचं त्याचं मत कायमचं ठरून जायचं.

मी तिथल्या मराठी शाळेवर बदलून आलो तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू व्हायला दोनेक वर्षं असतील. भाईंदरला गाडीतून उतरून, मिठागरांमधल्या रस्त्याने बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी उत्तनला पोचलो. माझी खोली तांडेलाच्या घरामागे होती, त्यामुळे ट्रंक खाली ठेवण्याआधीच माझी त्याच्यासमोर पेशी झाली. मी धोतर सावरत होडीत चढलो आणि पाय बाहेर सोडता येतील अशी कडेची जागा बघून बसलो. तांडेलाने वळून पाहिलं.

"काठाचा," तो म्हणाला. "पोरं तुला भीत नसतील, मास्तर."

मला राग आला. पहिल्या भेटीत अरेतुरे करणारा, कमरेला रुमाल गुंडाळलेला हा बुटका माणूस मला माझ्या शाळेबद्दल सांगणार? पण खरं सांगायचं तर मागच्या दोन्ही शाळांतून माझी बदली त्याच कारणाने झाली होती. पोरं मला अजिबात भीत नसत.

तांडेलाच्या हिशेबी जगात चार जातींची माणसं होती. त्यांचा धर्माशी किंवा कुळाशी संबंध नव्हता. कुणी न सांगता जो नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसतो तो पुढचा. त्याला आधी हात घालायचा असतो आणि विचार नंतर. दोघांच्या मध्ये घुसून बसतो, मांडीला मांडी लावतो, तो मधला. त्याच्यामुळे होडीत भांडणं होत नाहीत. सुकाणूजवळ बसतो तो मागचा, म्हणजे सगळ्यांची डोकी मोजून मग तोंड उघडणारा. आणि कडेला, पाण्याकडे तोंड करून बसतो तो काठाचा. तो कामाला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, पण जे कुणाला दिसत नाही ते त्याला दिसतं. नव्या खलाशाला तांडेल तीन दिवस हवं तिथे बसू द्यायचा आणि मग जात ठरवायचा. मास्तरासाठी एक बैठक पुरेशी होती.

हे एवढंच असतं तर पारावर बसून माणसांना नावं ठेवणारे सगळ्या गावांत असतात, त्यातलाच हा एक, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण पास्कूकडे शेजारच्या चौक गावापासून इकडची सगळी कोळीवस्ती आपले जवान मुलगे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, व्हायला पाठवायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की त्याच्या अंगणात बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या सावलीत सात-आठ जण बसलेले असत. तो त्यांना वारा शिकवत नसे, पाणी शिकवत नसे. "ते बापूस शिकवील," असं म्हणायचा. तो त्यांना माणसं शिकवायचा. कुठल्या होडीत किती पुढचे घ्यावेत, दोन मागचे एकत्र आले तर काय होतं (काहीच होत नाही, असं त्याचं उत्तर), मधला माणूस आजारी पडला तर त्या दिवशी समुद्रावर जावं की नाही. आणि त्याचा मुख्य नियम असा, की ज्याला तांडेल व्हायचंय त्याने आपली जागा सोडून उरलेल्या तिन्ही जागांवर एकेक हंगाम बसायचं. पुढच्याने काठावर बसायचं, मागच्याने नाळेवर. दुसऱ्याची जागा अंगाला टोचल्याशिवाय त्याला हुकूम द्यायचा हक्क येत नाही, असं तो मानायचा.

चौकचा दुमिंग नावाचा एक धिप्पाड गडी त्याच्याकडे आला होता. पुढच्यातला पुढचा. तांडेलाने त्याला काठावर बसवलं. काम एकच, होडीत आलेलं पाणी उपसायचं आणि बघायचं. जाळं ओढायला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी दुमिंगने आईबापांवरून दोन शिव्या हासडल्या, किनारा दिसताच पाण्यात उडी टाकली आणि पोहत घरी गेला. संध्याकाळी तांडेलाने आपल्या बायकोच्या, इस्तेरच्या हाती त्याच्या वाट्याची मासळी पाठवली आणि निरोप दिला, "जागा खाली हाय." तीन दिवस होडी काठाची एक जागा रिकामी ठेवून समुद्रावर जात राहिली. चौथ्या दिवशी दुमिंग मुकाट्याने येऊन तिथे बसला. पुढे तो फार चांगला तांडेल झाला, आणि कधी चार घोट पोटात गेले की तो हंगाम आठवून रडायचा.

भाईंदरच्या एका मिठागरवाल्या नानांपर्यंतही ही कीर्ती गेली. त्यांना मुकादम नेमायचा होता. त्यांनी तांडेलाला बोलावून घेतलं, मीही गंमत बघायला गेलो. तांडेलाने आठ गड्यांना एक भलं मोठं लाकूड बांधावरून पलीकडे न्यायला सांगितलं आणि नेहमीप्रमाणे पाठ फिरवून विडी पेटवली. लाकूड पोचल्यावर त्याने कान्हा पाटील नावाच्या एका अडखळत बोलणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "अरे, ह्याला धड बोलता येत नाही."

"सगल्यांनी लाकूड टाकलं, तवा यानं शेवटी हात काढला," तांडेल म्हणाला.

"तू तर पाठमोरा होतास."

"मना आयकू येतं कनं."

नानांनी अर्थातच आपल्या पुतण्याला मुकादम नेमलं. परत येताना तांडेल गाडीत विडी ओढत बसला. आपलं कुणी ऐकलं नाही म्हणून त्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा तरी नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळायला हवी होती, ती कळली नाही. पाठ फिरवायची त्याची लकब ही नुसती लकब राहिली नव्हती. त्याच्या डोळ्यांवर सारा धरत चालला होता. मोतीबिंदू. हे इस्तेरला माहीत होतं आणि जाक्याला.

जाक्या त्याच्या होडीवरचा काठाचा माणूस. वीस वर्षं एकाच फळीवर बसलेला, हाडकुळा, पापण्या न लवता बघणारा. इतका अबोल, की त्याची बायको म्हणायची, लग्नात पाद्रीबाबाला 'हो' म्हणाला, त्यानंतर घरात त्याचा आवाज ऐकलेला नाही. पण तांडेलाचं त्याच्यावाचून पान हलत नसे. याचं कारण खुंट मारण्याच्या कामात होतं.

उत्तनचे लोक डोल जाळ्याने मासळी धरतात. त्या जाळ्याला समुद्राच्या तळात खोल ठोकलेले खुंट लागतात, आणि पावसाळा सरता सरता ते नव्याने मारावे लागतात. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, मधे तो ताडाएवढा खुंट उभा धरायचा, आणि दोन्हीकडच्या माणसांनी दोरांवर एकदम भार टाकून तो खाली दाबायचा. एकाने जरी आधी किंवा नंतर जोर लावला तरी खुंट कलतो, आणि कलला की होडीला उलटवून घेऊन जातो. म्हणून पास्कूचा कडक नियम होता, खुंट मारताना आवाज एकाचाच. तांडेलाखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. फक्त प्रत्येक हिसक्याआधी तांडेल थांबायचा आणि विचारायचा, "काय दिसतंय, जाक्या?" जाक्या समुद्राकडे बघून एक शब्द बोलायचा. "मार", नाहीतर "थांब". थांब म्हटलं की वीस माणसं दोर धरून तशीच थांबायची, मोठी लाट खालून निघून जायची, मग काम पुढे. एका खुंटाला शंभर हिसके लागले तर शंभर वेळा तो हा प्रश्न विचारायचा. मी एकदा हौसेने त्यांच्याबरोबर गेलो होतो. ओकून ओकून अर्धमेला झालो, पण ते दोन आवाज अजून माझ्या कानांत आहेत.

तांडेलाला एकच मुलगा, इनास. दिसायला आईवर गेलेला, सदा हसतमुख, लग्नाकार्यात फिडल वाजवणारा. गावात तो कुणाला आवडत नसे असं नव्हतं. माझ्या खोलीवर तो वर्तमानपत्र वाचून घ्यायला यायचा, आणि लढाईच्या बातम्या ऐकता ऐकता माझ्या वाट्याचा चहा पिऊन टाकायचा. तो पुढचा, हे सांगायला त्याच्या बापाची गरज नव्हती. तो मधे बसला, मागे बसला, दोन हंगाम नेमाने काढले. काठाचा हंगाम तेवढा राहिला होता.

लढाई चालू असतानाच एका वर्षी तांडेलाला समोरच्या माणसाचं तोंड दिसेनासं झालं. त्याने होडी इनासच्या हाती द्यायचं ठरवलं. इस्तेर म्हणाली, "एक हंगाम थांब. दुसऱ्यांच्या पोरांना थांबवतो, आपल्याला न्हाय?"

"डोलं थांबत न्हाय, इस्तेर," तो म्हणाला. "आनि जाक्या हाय कनं होडीवर."

आता मला सांगायला हवं ते सांगतो. खुंट मारायच्या आधी पंधराएक दिवस इनास वाळूवर होडीच्या भेगा बुजवत बसला होता. मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसलो. बोलता बोलता मी त्याला चिडवलं, "आता 'काय दिसतंय, जाक्या' म्हणायची तुझी पाळी."

तो हसला. "ते आता बंद, मास्तर. बाबाला दिसत न्हाय म्हनून विचारायचा तो. मना दिसतंय. शंभर वेला विचारायचं म्हंजे पोरांचे हात गलून जातात."

मला ते खटकलं. तांडेलाचे डोळे चांगले होते तेव्हाही तो विचारत असे, हे मला माहीत होतं. मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो, आणि तेव्हा तो अर्ध्या कोसावरचं शीड ओळखत होता. हे इनासला सांगावं, निदान त्याच्या बापाच्या कानावर घालावं, असं मनात आलं. पण आपण बाहेरचे, मासळी खाणारे, पकडणारे नव्हे. कुणी आपल्याला विचारलेलं नाही. मी हसलो आणि घरी आलो.

खुंट मारायच्या दिवशी सकाळी पाद्रीबाबाने होड्यांवर पाणी शिंपडलं. ऊन छान पडलं होतं. शाळेच्या खिडकीतून मला लांबवर त्या दोन होड्या चिकटून उभ्या दिसत होत्या, आणि जरा पलीकडे दुमिंगच्या. दुपारी किनाऱ्यावर एकदम बायकांचा गलका झाला. मी पोरांना तसंच सोडून धावलो.

नंतर जे कळलं ते दुमिंगकडून. इनासचं काम झपाट्याने चाललं होतं, हिसक्यावर हिसका, मधे थांबणं नाही. दुमिंग म्हणाला, ऐकायला बरं वाटत होतं. मग बाहेरून एक मोठी लाट आली. ती आधी लांबून दिसते, पाण्याचा रंग बदलतो, पण बघणाऱ्यालाच. सगळ्यांचा भार दोरांवर असताना ती खालून घुसली, खुंट कलला आणि इनासच्या होडीला घेऊन गेला. दुमिंगने दोर तोडून आपली होडी तिकडे घातली. बरीच माणसं त्याने वर काढली. इनास आणि आणखी दोघं मिळाले ते दुसऱ्या दिवशी, ओहोटीला उघड्या पडलेल्या भाटीवर.

तांडेल वाळूत उभा होता. माणसं एकेक करून किनाऱ्यावर येत होती आणि तो आवाजावरून एकेकाला ओळखत होता. "हा मागचा. हा मधला. हा दुसरा मधला." सगळे आवाज संपले तरी तो तसाच कान देऊन उभा राहिला. इस्तेरने त्याचा हात धरला, तेव्हा त्याने तो झटकला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दफनाहून परतल्यावर त्याने जाक्याला अंगणात बोलावलं. दुमिंग होता, मी होतो. जाक्याच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं. तांडेलाने त्याला समोर बसवलं आणि चाचपून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला दिसली व्हती?"

"हां," जाक्या म्हणाला.

"कवा?"

"तीन हिसके आधी."

दुमिंग ताडकन उठला. तांडेलाने हातानेच त्याला बसवलं. "मग बोलला का न्हाय?"

जाक्याने कपाळावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "आवाज एकाचाच, तांडेल. मना कोनी विचारलं न्हाय."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, की स्वतःची बाजू मांडणं नव्हतं. वीस वर्षं जे शिकला होता ते तो सांगत होता. इनास त्याच्या अंगाखांद्यावर वाढला होता. तांडेलाचा हात त्याच्या गुडघ्यावर तसाच राहिला. मी वाट बघत होतो की आता हा ओरडेल, मारेल. तो एवढंच म्हणाला, "बरोबर हाय. विचारायला शिकवलं मी. बोलायला न्हाय शिकवलं." आणि घरात गेला.

त्यानंतर रविवारची मंडळी बंद झाली. कुणी मुलाला घेऊन आलं तर तांडेल त्याला होडीजवळ फिरकू देत नसे. पण त्याने एक वेगळंच काम काढलं, आणि त्यामुळे गावात त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बोलवा उठली. तीस वर्षांत त्याने ज्यांना ज्यांना काठाचा ठरवलं होतं, त्या सगळ्यांच्या घरी तो जाऊ लागला. एक हात इस्तेरच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. उत्तन झालं, चौक झालं, भाईंदरच्या मिठागरांपर्यंतसुद्धा गेला. दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी तुला काठाचा बोललो व्हतो. चुकलो. विसर ते. दिसलं तर बोल, कोनी विचारो नको विचारो." लोक बरं म्हणायचे, पाणी द्यायचे. तो गेल्यावर हसायचे. त्यातले काही आता म्हातारे झाले होते, आणि आपण काठाचे आहोत हे सांगण्यात त्यांना एक प्रकारचा अभिमान वाटत होता. त्यांच्या बायकांनी, मुलांनी, सगळ्या गावानेच त्यांना त्या नावाने स्वीकारलं होतं. ते नाव ठेवायला त्याला एक विडी पुरली होती, काढायला उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं. हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

जाक्याकडे तो रोज जायचा. दोघं किनाऱ्यावर बसत, तांडेल समुद्राकडे पाठ करून. तो काहीही विचारायचा नाही. जाक्याने आपणहून बोलावं म्हणून तासन् तास गप्प बसायचा. आणि जाक्या, कुणी विचारत नाही म्हणून, गप्प बसायचा. शाळेतून येता-जाता मला ते दोघे दिसत. मी मान खाली घालून निघून जायचो.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. ट्रंक गाडीत चढवली आणि निरोप घ्यायला मी वाळूवर गेलो. खुंटाने उलटवलेली, नंतर ओढून आणलेली त्याची होडी तिथेच होती. दुरुस्त करून कुणी नेली नव्हती, बाजूच्या फळ्या निखळल्या होत्या. तांडेल तिला टेकून बसला होता. माझी चाहूल त्याने ओळखली.

"चालला, मास्तर? बस. कुठं पन बस."

मी चढलो. नऊ वर्षांपूर्वी बसलो होतो तिथेच, कडेला पाय सोडून बसलो. दुसरीकडे बसायचं माझ्या मनातही आलं नाही.

"सगल्यांकडं गेलो, तुझ्याकडं यायचा राहिलो," तो म्हणाला. "तुला पन काठाचा बोललो व्हतो. विसर ते."

मग तो जाक्यापुढे बसायचा तसा, कान देऊन, नुसता थांबला. त्याचे डोळे आता पूर्ण पांढरे झाले होते. मला इनासचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. ते सांगितलं असतं तर निदान त्याला एवढं कळलं असतं, की गप्प बसलेला जाक्या एकटाच नव्हता. आणि जाक्याच्या जिवावरचं अर्धं ओझं तरी मी उचललं असतं. गाडीवानाने लांबून हाक मारली.

"कुठं बसला, मास्तर?" तांडेलाने विचारलं.

"पुढे," मी तिकडे मान वळवून म्हणालो. "नाळेवर."

"हां," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. इनास गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "मग बरं झालं. जा आता."

गाडी मिठागरांकडे वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तो तिथेच होता आणि होडीच्या पुढच्या टोकाकडे, जिथे मी बसलो नव्हतो तिथे, तोंड करून हात हलवत होता.